खाट, शेगडी आणि पहिला पावसाळा: उद्योजकता प्रशिक्षण आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
लघुउद्योजकांसाठी प्रशिक्षण आणि अर्थसाहाय्याच्या योजना आखणारे, मंजूर करणारे आणि राबवणारे सर्व अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते. २०२१ च्या दसऱ्याला घरच्याच मागच्या खोलीत सुरुवात केली. आज माझ्याबरोबर चार बायका काम करतात. माझ्या आईने जन्मभर विड्या वळल्या, पानं कातरून कातरून तिची बोटं वाकडी झाली. त्यामुळे स्वतःच्या नावाची पाटी लावून, स्वतः भाव ठरवून माल विकणं म्हणजे काय, याची किंमत मला नीट ठाऊक आहे. त्या पाटीपर्यंत पोचायला तुमच्या एका प्रशिक्षणाचा हात लागला, हे आधी मान्य करते. तिथे मी अठरा दिवस बसले होते. हे पत्र त्या अठरा दिवसांबद्दल आहे, आणि त्याहून जास्त नंतरच्या दोन वर्षांबद्दल.

पहिल्याच दिवशी आम्हाला लिज्जतची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात बायका आणि ८० रुपये उसने. ऐकताना अंगावर काटा आला. पण सरांनी गच्चीवरून जी उडी मारली ती थेट आजच्या कोट्यवधींच्या उलाढालीवर. मधलं काहीच सांगितलं नाही. ते मला पुढे वाचून कळलं. त्या बायकांचं काम सुरू झाल्यावर पावसाळा आला, पापड वाळेनात, आणि चार महिने उत्पादन बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. पापड खाटेवर पसरायचे, खाटेखाली शेगडी ठेवायची. बाहेर पाऊस कोसळत असला तरी पापड वाळू लागले. आणखी एक गोष्ट. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, हलका पापड कमी भावात द्यावा म्हणून. ते ८० रुपये उसने देणारे छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी ते थांबवलं. एकच प्रत ठेवा, तीत तडजोड नको, आणि हिशोब चोख लिहा, असा त्यांचा आग्रह होता.

सात जणी होत्या, ८० रुपये होते, हे खरंच. पण धंदा टिकला तो त्या खाटेमुळे आणि पाठीशी उभ्या असलेल्या त्या माणसामुळे. तुमच्या योजना आम्हाला गच्चीपर्यंत आणून सोडतात. पाऊस लागतो तेव्हा तुमच्यापैकी कुणी तिथे नसतं.

माझा पहिला पावसाळा २०२२ चा. सोलापूरचा पाऊस तसा कमी, पण ऑगस्ट-सप्टेंबरात हवा दमट होते आणि ज्वारीची कडक भाकरी ओलावा ओढून घेते. दोन दुकानांतून मिळून चारशेच्या वर भाकऱ्या परत आल्या, सगळ्या सादळलेल्या. पाकीट फोडलं तर भाकरी मोडत नव्हती, वाकत होती. कडक भाकरीवालीसाठी याहून वाईट काही नाही. दुकानदार म्हणाले, ताई, पुढच्या वेळी बघू. त्या आठवड्यात मी धंदा बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं. मग धारवाडकडच्या रोट्या विकणारी एक बाई भेटली, तिने दोन गोष्टी सांगितल्या. तव्यावरून निघालेली भाकरी पूर्ण गार होईपर्यंत पाकिटात घालायची नाही, कारण आतली वाफच घात करते. आणि साधी पातळ पिशवी सोडून जाड, पदर असलेलं पाकीट घ्यायचं, सील दोनदा मारायचं. तिची दहा मिनिटं गेली असतील. माझ्या प्रशिक्षणात पॅकिंगचा तास होता, पण तेव्हा माझी एकही भाकरी सादळली नव्हती. त्या तासात काय विचारायचं हेच मला कळत नव्हतं.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. तुम्ही आम्हाला उत्तरं देता तेव्हा आमच्याकडे प्रश्न नसतात. आम्हाला प्रश्न पडतात तेव्हा वर्ग संपलेला असतो, प्रमाणपत्र घरात भिंतीवर लागलेलं असतं आणि सरांचा नंबर दुसऱ्या बॅचमध्ये गुंतलेला असतो.

त्या अठरा दिवसांत झालं काय, तेही सांगते. रिंग फेकण्याचा खेळ झाला, ठोकळ्यांचा मनोरा रचायचा झाला, स्वतःवर विश्वास कसा ठेवावा यावर तीन व्याख्यानं झाली. योजनांची नावं, पात्रता, कागदपत्रं यांत पाच-सहा दिवस गेले. एक मॅडम आल्या होत्या, अन्नतंत्रज्ञानाच्या. चटणी खवट का होते, शेंगदाण्याच्या तेलाला हवा आणि उजेड कसा बाधतो, भाजणी किती खोल असावी, लेबलवर काय काय यायलाच हवं, हे त्यांनी दोन तासांत सांगितलं. त्या दोन तासांच्या टिपणांची वही माझ्याकडे अजून आहे. बाकीच्या दिवसांतलं फारसं काही हाती उरलं नाही.

आणि प्रोजेक्ट रिपोर्ट. आमच्या वर्गात चटणीवाली होती, शिवणकामवाली होती, दुचाकी दुरुस्तीचा मुलगा होता, पत्रावळीच्या मशीनवाला होता. सगळ्यांच्या रिपोर्टात पहिल्या वर्षी ६० टक्के क्षमता, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. सगळ्यांना वर्षाचे तीनशे दिवस काम. एकाच माणसाने एकाच साच्यातून ते काढले होते आणि आम्ही त्यावर सह्या केल्या होत्या. बँकेला तो कागद लागतो, हे मला समजतं. पण आमच्यापैकी कित्येकांनी तोच आपल्या धंद्याचा हिशोब मानला.

हिशोबाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्या डोळ्यांसमोर जे धंदे मोडले त्यांतले बहुतेक इथेच मोडले.

पहिले आठ महिने माझी चटणी जोरात खपत होती. एके ठिकाणी स्टॉल लावला, तिथे तर संध्याकाळपर्यंत माल पुरेना. तरी महिनाअखेरीला हातात काही राहत नव्हतं. मला वाटायचं, घरखर्चात जात असेल. आमच्या गल्लीत एक काका राहतात. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात त्यांनी दिवाणजी म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहेत. एका संध्याकाळी त्यांनी दोनशे पानी वही घेतली आणि मला एकेक विचारत गेले. दहा किलो दाणे आणलेस तर भाजून, सालं पाखडून, खराब दाणे निवडून किती उरले? मी कधी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजलं, तर नऊ किलोच्या आतबाहेर. म्हणजे दर दहा किलोमागे एक किलो हवेत जात होता आणि मी दहाचाच भाव धरत होते. दुकानदाराचे वीस टक्के कुठे लिहिलेस? परत आलेली पाकिटं? रिक्षाभाडं? कांडप मशीनची वीज? सासूबाई रोज चार तास लसूण सोलतात, त्यांची मजुरी? तुझी?

सगळं मांडलं तेव्हा दोनशे ग्रॅमच्या पाकिटाला मला चौपन्न रुपये पडत होते. दुकानदाराला मी ते पन्नासला देत होते. जितका खप जास्त, तितकं नुकसान जास्त.

काकांनी वहीत तीन रकाने आखून दिले: माल, मोल, मोड. माल म्हणजे कच्चा माल, तुटीसकट. मोल म्हणजे मजुरी, स्वतःची धरून. मोड म्हणजे जे वाया गेलं, परत आलं, उधारीत बुडालं ते. ती वही मी आजही रोज लिहिते. मी भाव वाढवला, दोन दुकानं सुटली, तीन टिकली, आणि पुढच्या महिन्यात पहिल्यांदा चार पैसे मागे पडले. त्या काकांनी कुठला अभ्यासक्रम केलेला नाही. पण लोकांचे धंदे बसताना आणि उठताना त्यांनी चाळीस वर्षं वहीत पाहिले आहेत. अशी माणसं प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत आहेत. तुमच्या मानधनाच्या यादीत ती का नाहीत?

उधारीचं तर वेगळंच दुखणं. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानाने माझा माल घेतला. मी हुरळून गेले. पैसे आले चार महिन्यांनी, तेही तीन हप्त्यांत. दरम्यान दाणे, मिरची, गॅस सगळं रोखीत घ्यायचं. त्या चार महिन्यांत मी भिशी उचलली, मंगळसूत्र तारण ठेवलं. कायदा माझ्या बाजूने आहे हे मला दीड वर्षाने कळलं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज लागू होतं. तक्रारीसाठी सरकारचं समाधान पोर्टल २०१७ मध्येच सुरू झालं. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकराचीही जोड दिली: मुदतीत पैसे चुकते केले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही.

इतका पक्का कायदा असताना आमच्यासारखे लोक तक्रार का करत नाहीत, असं तुम्ही विचाराल. कारण तक्रार केली की गिऱ्हाईक गेलं. पोर्टल आम्हाला न्याय देईल, पण पुढची ऑर्डर देणार नाही. म्हणून इथे खरं शिकवायला हवं ते तक्रारीच्या कितीतरी आधीचं. उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर ठळक छापायचा. बिलाखाली मुदतीची ओळ लिहायची. पंधराव्या दिवशी नम्रपणे फोन करायचा, तिसाव्या दिवशी पत्र पाठवायचं, आणि त्या पत्रात कायद्याचा उल्लेख किती शब्दांत, कुठल्या स्वरात करायचा. हे पत्र तुमच्या कार्यालयाच्या कागदावर गेलं तर आणखी बरं. मग ते मागणं एकट्या बाईचं राहत नाही.

आता अनुदान. आमच्या वर्गातल्या शिवणकामवालीने प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेतलं. शहरी भागात महिलांना प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, हे वर्गात चार वेळा सांगितलं होतं. ते पैसे हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेत वेगळे पडून राहतात आणि युनिट चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जखात्यात वळतात, हे एकदा तरी सांगितलं असेल. तिच्यापर्यंत पोचलं नाही. अनुदान येईल या हिशोबावर तिने दिवाळीसाठी सुरतेचं कापड उधार उचललं. मशिनं चांगली होती, हात चांगला होता, गिऱ्हाईक होतं. खेळतं भांडवल नव्हतं. तिसऱ्या दिवाळीआधी दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. ती आता एका मोठ्या दुकानात फॉल-पिको करते. तिला पडताळणीला नव्हे, पहिल्या दिवाळीच्या दोन महिने आधी कुणीतरी भेटायला जायला हवं होतं.

तुमच्या नियमांत पाठपुरावा नाही, असं मी म्हणत नाही. कर्नाटकात उजिऱ्याला १९८२ मध्ये रुडसेटी ही स्वयंरोजगार शिकवणारी संस्था सुरू झाली, तिच्याच धर्तीवर पुढे देशभर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाल्या. थोडे दिवस प्रशिक्षण आणि मग दोन वर्षं हात धरून सोबत, हीच त्यांची मूळ कल्पना. कल्पना लाखमोलाची आहे. मला मात्र, मी जिथे शिकले त्या संस्थेतून, दोन वर्षांत दोन फोन आले. ‘धंदा चालू आहे का?’ ‘हो.’ ‘कर्जाचे हप्ते?’ ‘चालू आहेत.’ ‘ठीक आहे.’ त्या दोन फोनांच्या मध्ये माझ्या भाकऱ्या सादळल्या, पुण्याचे पैसे अडकले, मंगळसूत्र गेलं आणि परत आलं. फोन करणाऱ्या मुलीचा दोष नाही. तिच्यापुढे शेकडो नावांची यादी आणि भरायचे रकाने होते.

खोट कुठे आहे ते पैसे कशाला बांधले आहेत त्यावरून कळतं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत, जी २०२० मध्ये आली, जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. योजना चांगली आहे, ३५ टक्के आणि कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे, आणि आमच्या भागातल्या संसाधन व्यक्तीने अनेकींची कागदपत्रं अक्षरशः घरी येऊन पुरी केली. पण त्यांच्या मानधनाचा पहिला हिस्सा मिळतो कर्ज मंजूर झाल्यावर आणि उरलेला नोंदण्या, परवाने, उभारणी झाल्यावर. म्हणजे उद्घाटनाची फीत कापली की त्यांचं काम संपलं. तो माणूस पुढच्या अर्जाकडे जाणार, जायलाच हवं, त्यालाही घर आहे. त्याच्या मानधनाचा तिसरा हिस्सा ठेवा आणि तो दोन वर्षांनी द्या, शटर उघडं असेल तर. मग बघा, तो पहिल्या पावसाळ्यात स्वतःहून चक्कर मारतो की नाही.

वेळेचंही तसंच. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वर्गात बसणं म्हणजे आमच्यासाठी त्या दिवसाची मजुरी सोडणं. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत कारागिरांना प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी रोज ५०० रुपये देतात, ते मला योग्य वाटतं. हातावर पोट असलेल्याचा दिवस फुकट नसतो हे तिथे निदान मान्य केलं आहे. पण पैशापेक्षाही सोपा मार्ग आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. माण तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये बायकांची सहकारी बँक सुरू करणाऱ्या माणदेशी संस्थेने धंद्याची शाळा चक्क बसमध्ये घातली. बस गावात येते, बायका चढतात, शिकतात, उतरून कामाला जातात. आमच्याकडे बस नको. समाजमंदिर आहे, अंगणवाडीची खोली दुपारी रिकामी असते.

म्हणून माझं मागणं असं. अठरा दिवसांचे आठ दिवस करा. उरलेले दहा दिवस फेकून देऊ नका, ते पुढच्या दोन वर्षांत वाटा. पहिला दिवस धंदा सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात, फक्त वहीसाठी: प्रत्येकीने आपली वही आणायची आणि तुटीसकट भाव काढायचा. मग पावसाळ्याआधी एक, दिवाळीच्या दोन महिने आधी एक, पहिली मोठी उधारी अडकते त्या सुमारास एक. व्याख्यान नको. एका वेळी दहा-बारा जणी, एकाच प्रकारच्या धंद्याच्या, आणि समोर एक तरी माणूस असा हवा ज्याने स्वतः माल विकला आहे आणि स्वतः तोटा सोसला आहे. आमच्या काकांसारखा एखादा दिवाणजी, दहा वर्षं टिकलेली एखादी पापडवाली, आणि वर्षातून एकदा त्या अन्नतंत्रज्ञानाच्या मॅडम. आणि तुमच्या वार्षिक अहवालात जिथे ‘प्रशिक्षित लाभार्थी’ असा रकाना असतो, त्याच्या शेजारी आणखी एक रकाना घाला: तीन वर्षांपूर्वीच्या बॅचमधल्या किती जणांचे धंदे आज चालू आहेत. आकडा लहान आला तरी छापा. धंदा कुठे आणि का बसतो हे तुम्हाला आणि आम्हाला त्यातूनच दिसेल.

यासाठी नवी योजना किंवा नवं नाव लागणार नाही. जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ पासून आहेत, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे, उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचतगटांची जाळी गल्लीगल्लीत पोचलेली आहेत. माणसं आहेत, खोल्या आहेत, पैसेही आहेत. ते सगळे सुरुवातीलाच खर्च होतात.

आमच्या गल्लीत आणि मागच्या पेठेत मिळून चटणी, भाकरी, पापड, कुरडया करणाऱ्या आम्ही अकरा जणी आहोत. त्यांतल्या चौघींचं हे पहिलंच वर्ष. पाच जणी वही लिहीत नाहीत. काकांनी दर मंगळवारी बसायचं कबूल केलं आहे, मानधन मिळो न मिळो. तुमच्यापैकी कुणी येणार असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये या. त्या वेळी चुली गार असतात. भाजणीच्या तराजूपासून दुकानदाराच्या उधारीच्या चिठ्ठ्यांपर्यंत सगळं समोर मांडून ठेवू. पावसाळ्याआधी आलात तर चौघींच्या भाकऱ्या वाचतील.

आपली नम्र,
सोलापुरातील एक चटणी-भाकरी उत्पादक